हाच का आमच्या शेतातला गॅस?

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एकदाचा पाइपचा गॅस चालू झाला. पिवळा पाइप भिंतीवरून चौथ्या मजल्यापर्यंत चढून किती महिने झाले होते, मीटर पण बसला होता, पण चालू होईना, आणि मग एका मंगळवारी दुपारी अचानक दोन मुलं आली, शेगडीचे जेट बदलले, साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासले आणि म्हणाले काकू पेटवा. आईने पेटवला. निळी ज्योत आली तशी तिने हात जोडले आणि मग सवयीने गॅलरीत जाऊन दुसरा सिलिंडर उचलून पाहिला, किती शिल्लक आहे ते. आयुष्यभराची सवय, तशी जाईल का लगेच.

संध्याकाळी मामांना व्हिडिओ कॉल केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गावी ऊस असतो त्यांचा (गावाचं नाव मुद्दाम घालत नाहीये, त्यांना आवडणार नाही). आईने फोन शेगडीजवळ नेऊन ज्योत दाखवली. मामा दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "ताई, ह्यो आमच्या शेतातनं जातोय त्योच का गं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर येत नव्हतं.

तर सांगायचं म्हणजे मामांच्या शेताखालून मोठी गॅसची लाईन गेलीय. टाकली तेव्हा मी कॉलेजला होते, सुट्टीत गेले तर उसाच्या पट्टीतून हा लांबलचक चर, आणि त्याच्या कडेला ओळीने मांडलेले पाइप, इतके मोठे की माझा चुलतमामेभाऊ एका तोंडातून आत शिरून दुसऱ्या तोंडाला ओरडायचा आणि आवाज घुमायचा. वेल्डर लोक परप्रांतातले, रात्री पण काम करायचे. मग पाइप खाली गेले, माती वर आली, पिवळे खांब उभे राहिले आणि सगळं शांत. फक्त वरची काळी माती आणि खालचा मुरूम एक झाला त्यामुळे दोन-तीन वर्षं तेवढ्या पट्ट्यात ऊस गुडघ्याएवढा कमी यायचा, लांबून दिसायचं की लाईन कुठून गेलीय.

जमीन मामांचीच आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मला पण नव्हतं. पाइपलाईनसाठी जमीन विकत घेत नाहीत, १९६२ चा एक कायदा आहे, त्याखाली फक्त वापराचा हक्क घेतात. मालक तुम्हीच, पीक पण तुम्हीच घ्यायचं, पण त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, तळं करायचं नाही, झाड लावायचं नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात तशी नोंद पडते. आणि भरपाई म्हणजे पिकाचं नुकसान वेगळं, आणि जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. बस. एकदाच. पुढे पिढ्यान् पिढ्या तिथे आंब्याचं झाड लागणार नाही त्याचे ते १० टक्के. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून येतो. १९६२ साली देशात अशा लाईन होत्या तरी किती, आता सगळ्या देशाखालून जाळं विणायचंय आणि हिशोब तोच.

असो. मामांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले आणि पंधरा दिवस त्यातच गेले, म्हणून ही पोस्ट.

सुरुवात आपल्याच समुद्रातून होते. १९७४ मध्ये सागर सम्राट जहाजाने मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हायला (आताचं मुंबई हाय) तेल शोधलं हे शाळेत असतं पुस्तकात, पण तेलासोबत गॅस पण आला आणि त्या गॅसचं काय करायचं हा प्रश्न होता हे कोणी शिकवत नाही. तेल टाकीत भरून ठेवता येतं, जहाजात घालून नेता येतं. गॅसचं तसं नाही ना, तो आला की लगेच पाइप पाहिजे आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला जाळणारा कोणीतरी पाहिजे. नाहीतर तिथेच समुद्रावर पेटवून द्यायचा. सुरुवातीची वर्षं कितीतरी गॅस असाच ज्वाळा करून जाळला. मग उरणला लाईन आली, तिथून ट्रॉम्बे आणि अलिबागजवळ थळ, दोन्हीकडे आरसीएफचे खताचे कारखाने. म्हणजे आपल्याकडे गॅस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरला तो युरिया करायला. गॅसमधला मिथेन फोडून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी जुळवून अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया.

मग वसईसमोरच्या समुद्रात साउथ बसीन नावाचं क्षेत्र मिळालं (बसीन म्हणजे आपली वसईच), तिथे निव्वळ गॅस, भरपूर. तो गुजरातेत हजीराला उतरवला. आणि तिथून देशातली पहिली खऱ्या अर्थाने मोठी लाईन निघाली, हजीरा-विजयपूर-जगदीशपूर, सगळे एचव्हीजे म्हणतात. १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेल ही सरकारी गॅस कंपनी काढली ती मुळात ह्याच कामासाठी. सतराशे किलोमीटरच्या वर, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश. वाटेत विजयपूर, जगदीशपूर, आंवला, बबराला, शहाजहांपूर इथे खताचे कारखाने, अंता आणि औरैयाला वीज. मला ह्यात सगळ्यात आवडलं ते हे की लाईन टाकायच्या आधी गिऱ्हाईक कोण हे ठरलेलं होतं. कारखाने शेतीच्या जवळ पाहिजेत, शेती गंगा-यमुनेच्या पट्ट्यात, म्हणून गॅस तिथे न्यायचा. डोकं लावून केलेलं काम आहे.

आणि ते गॅस नेणं म्हणजे काय तर आत दाब असतो ८०-९० बार. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा १ बारच्या आसपास जास्त असतो, त्याच्या नव्वदपट विचार करा. गॅस पुढे जाता जाता घासून दाब कमी होतो म्हणून मध्ये मध्ये कंप्रेसर स्टेशन, झाबुआला आहे, विजयपूरला आहे, औरैयाला आहे, तिथे परत दाबायचा आणि पुढे ढकलायचा. वेग म्हणाल तर ताशी वीस-तीस किलोमीटर, म्हणजे हजीराला शिरलेला गॅस जगदीशपूरला पोचायला दोन-तीन दिवस लागतात. मी समजत होते बटण दाबलं की आला! आणि त्याच लाईनमधून पाइपच्या मापाचं एक यंत्र सोडतात, त्याला पिग म्हणतात, गॅसच्याच दाबाने ते पुढे सरकतं, आतली घाण साफ करतं, आणि हुशार पिग असेल तर पोलाद कुठे झिजलंय त्याची नोंद घेत जातं. पाइपला गंज लागू नये म्हणून बाहेरून कोटिंग आणि वरून बारीक विजेचा प्रवाह कायम. मामांच्या बांधावर एक छोटा डबा आहे खांबाला, तेव्हा भाऊ म्हणायचा त्यात हात घालू नको करंट आहे, तो ह्याच तपासणीचा.

शहरांपर्यंत गॅस आला तो कोर्टांमुळे पण आला बरं का. आग्र्याच्या ताजमहालाला धुराने डाग पडतायत म्हणून १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पट्ट्यातल्या कोळशावरच्या कारखान्यांना गॅसवर जा नाहीतर हला असं सांगितलं. १९९८ मध्ये दिल्लीच्या बसचा निकाल, सगळ्या सीएनजीवर. एचव्हीजेची लाईन तिथवर पोचलेली होती म्हणून हे शक्य झालं. मुंबईत १९९५ ला महानगर गॅस निघाली, टॅक्सी रिक्षा सगळ्या हळूहळू सीएनजीवर गेल्या. लाईन जवळ असली की पुढचं सगळं सुचतं आणि जमतं.

आणि लाईन जवळ नसली की काय होतं त्याचं उदाहरण पण आपल्याच राज्यात आहे. नागपूर. २०२२ च्या मार्चमध्ये तिथे सीएनजी १२० रुपये किलो झाला, देशात सगळ्यात महाग अशा बातम्या आल्या होत्या, माझी एक मैत्रीण तिथली, तिच्या भावाने त्याच्या आदल्या वर्षी सीएनजीची गाडी घेतलेली. महाग का तर लाईनच नव्हती. गॅस गुजरातेतून द्रवरूपात टँकरमध्ये भरून रस्त्याने यायचा. ज्या राज्याच्या समुद्रातून गॅस निघतो त्या राज्याच्या उपराजधानीला पन्नास वर्षांनी तो ट्रकमधून आणावा लागत होता, हे मला पटतच नाही, कितीही कारणं सांगा. आता मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाईन आहे, साधारण १७०० किलोमीटर, आणि तिचा आपल्याकडचा मोठा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेकडेने टाकलाय. हे मात्र फार शहाणपणाचं केलं. रस्त्याला जमीन घेतलेलीच आहे, त्याच पट्ट्यातून पाइप गेला तर कोणाच्या उसाखालून परत चर नको.

तसं बघायला गेलं तर जाळं आता खूप मोठं झालंय. पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास लाईन चालू आहेत. उत्तर प्रदेशातून बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशाकडे जाणारी ऊर्जा गंगा, तिच्यासाठी २०१६ मध्ये सरकारने खर्चाच्या ४० टक्के, ५,१७६ कोटी रुपये, अनुदान दिलं कारण नुसत्या धंद्याच्या हिशोबाने कोणी तिकडे लाईन टाकली नसती. त्या लाईनवर गोरखपूर, बरौनी, सिंदरीचे बंद पडलेले खताचे कारखाने परत उभे राहिले. ईशान्येच्या आठ राज्यांना जोडणारी इंद्रधनुष ग्रिड, १,६५६ किलोमीटर, तिला तर ६० टक्के मदत. मी ह्या दोन्हीच्या बाजूने आहे, अगदी ठामपणे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे जिथे आधी गेली ते भाग पुढे गेले आणि बाकीचे अजून धडपडतायत, तेच परत पाइपच्या बाबतीत व्हायला नको.

२०२३ च्या एप्रिलपासून वाहतुकीचं भाडं पण बदललं. आधी काय व्हायचं, गॅस जितक्या लाईनींमधून जाईल तितक्यांचं भाडं एकावर एक चढायचं, एसटी बदलताना प्रत्येक ठिकाणी नवीन तिकीट काढल्यासारखं, त्यामुळे समुद्रापासून लांब असलेला कारखाना मेला. आता जोडलेल्या लाईनींचं एकच भाडं, सुरुवातीला अंतराचे तीन टप्पे केले, ३०० किलोमीटरपर्यंत, १,२०० पर्यंत आणि त्यापुढे. किनाऱ्याजवळच्या लोकांना थोडं महाग पडलं आणि त्यांनी कुरकुर केली, पण मला वाटतं देशाचं जाळं म्हणायचं तर हे सोसलं पाहिजे.

पण नुसती लाईन टाकली की झालं असंही नाही, आणि इथे जरा थांबून सांगते कारण हा भाग वाचताना मला फार वाईट वाटलं. आंध्रच्या समुद्रात केजी-डी६ नावाच्या गॅसक्षेत्रात (केजी म्हणजे कृष्णा-गोदावरी) मोठा साठा मिळाला, २००९ ला गॅस सुरू झाला, त्याच्यासाठी काकीनाड्यापासून गुजरातेत भरुचपर्यंत साधारण १४०० किलोमीटरची ४८ इंची लाईन टाकली, ती आपल्या महाराष्ट्रातूनच जाते. २०१० मध्ये गॅस दिवसाला ६ कोटी घनमीटरपर्यंत गेला आणि मग घसरत घसरत इतका कमी झाला की ती अवाढव्य लाईन जवळपास रिकामी पडली. त्या गॅसच्या भरवशावर बांधलेले आंध्रातले वीज प्रकल्प बंद. बँकांचे पैसे अडकले. लोकांनी जमिनीचा हक्क दिला, चर खणले, आणि पाइपमध्ये तेव्हा गॅसच नव्हता.

दाभोळचं तर विचारूच नका. एन्रॉन, त्या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प. आमच्या घरात त्यावरून भांडणं झालेली मला आठवतात, बाबा एका बाजूला आणि काका एका बाजूला. १९९९ ला पहिला टप्पा चालू झाला तो गॅसवर नव्हे, नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या द्रव इंधनावर! २००१ ला बंद. मग २००५ ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढून परत उभा केला, तिथलं एलएनजी टर्मिनल (जहाजातून आलेला द्रवरूप गॅस उतरवायची जागा) २०१३ ला सुरू झालं आणि लाटा अडवणारा बांध पुरा नाही म्हणून पुढे बरीच वर्षं पावसाळ्यात जहाज लावता यायचं नाही. कोकणातला पावसाळा! चार महिने! हे आधी माहीत नव्हतं असं कसं म्हणणार. तरी एक चांगलं झालं, दाभोळहून बंगळुरूपर्यंत हजारेक किलोमीटरची लाईन गेली आणि गोव्याला फाटा निघाला, म्हणजे कधी काळी नुसतं भांडणाचं कारण असलेल्या जागेतून दक्षिणेला गॅस जायला लागला.

आता मामांच्या प्रश्नाकडे येते. हाच का तो गॅस? खरं उत्तर, असेलही आणि नसेलही. लाईनी एकमेकींना जोडलेल्या आहेत, मुंबई हायचा गॅस, कतारहून जहाजातून उणे १६० अंशाला द्रव करून आणलेला आणि दहेजला परत वायू केलेला गॅस, आंध्रचा गॅस, सगळा एकत्र होतो. कालव्यात सोडलेल्या पाण्यासारखं, वरच्या माणसाने किती घातलं आणि खालच्याने किती घेतलं हे मीटरवर मोजतात, थेंब कोणाचा ते कोणी विचारत नाही. देशात लागणाऱ्या गॅसपैकी निम्मा तर बाहेरूनच येतो. त्यामुळे आईने केलेल्या चहातला अर्धा गॅस अरबस्तानातला असेल आणि थोडासा मामांच्या उसाखालून आलेला पण असेल.

हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग आमाला का न्हाई? लाईन आमच्या रानातनं, आन् सिलिंडर तालुक्यावरनं."

ह्याचं तांत्रिक उत्तर मला आता येतं. मोठ्या लाईनला प्रत्येक गावाजवळ भोक पाडता येत नाही. ९० बारचा दाब उतरवत उतरवत शेगडीपाशी २१ मिलीबार करायचा असतो, त्यासाठी स्टेशन लागतं, मग पोलादी पाइप, मग पिवळे प्लॅस्टिकचे. आणि लाईन टाकणारी कंपनी वेगळी, घरोघर देणारी वेगळी. त्यांना नियामक मंडळाकडून जिल्हे वाटून दिलेत, कागदावर तर आता बेटं सोडली तर जवळपास सगळा देश वाटून झालाय. किती कनेक्शन देणार, किती सीएनजी पंप काढणार ह्याचा आकडा त्यांनी बोलीत दिलेला असतो आणि तो आकडा एका मोठ्या सोसायटीत जेवढ्या पटकन भरतो तेवढा वाडी-वस्तीवर भरत नाही. म्हणून आधी शहर, मग तालुका, गाव शेवटी.

कळतं मला. पण माझं मत विचाराल तर ज्या गावाच्या सातबाऱ्यावर लाईनची नोंद आहे त्या गावांची वेगळी यादी पाहिजे आणि त्यांचा आकडा वेगळा मोजला पाहिजे. सगळ्यांना उद्या नळाने गॅस द्या असं म्हणत नाही मी. निदान गावच्या शाळेच्या खिचडीला, दवाखान्याला, दुधाच्या डेअरीला, एवढं तर होईल? केरळात कोची-मंगळुरू लाईनला किती विरोध झाला, २०१७ मध्ये कोळिकोडच्या बाजूला लोक रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, शेवटी ४५० किलोमीटरची ती लाईन २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली. तमिळनाडूत पश्चिमेच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं लाईन महामार्गाच्या कडेने न्या, त्यांच्या सरकारने पण तेच म्हटलं, आणि २०१६ ला सुप्रीम कोर्टात ते हरले. मग समृद्धीला तेच केलं की नाही! त्या लोकांना विकासाचे विरोधक म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मामांच्या बांधावर उभं राहून तसं म्हणून दाखवा.

एक गोष्ट मात्र मी मामांना सांगताना अडखळले, त्यांना ती माहीतच नव्हती. एका अर्थाने गॅस त्यांच्या शेतात केव्हाच आलाय, युरियाच्या गोणीतून. हे त्यांना फार आवडलं. आणि आता उलटं पण होतंय, साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) गॅस करायचा, साफ करायचा आणि तो शहराच्या गॅसमध्ये मिसळायचा, २०२५-२६ पासून शहर गॅसवाल्या कंपन्यांना १ टक्का असा गॅस मिसळणं बंधनकारक करायचं ठरलं आणि पुढे ते ५ टक्क्यांपर्यंत नेणार. म्हणजे मामांचा ऊस वरून आणि लाईन खालून. "आता हितं झाड लावू द्या म्हणावं मग," मामा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, आणि फुटली तर? वास येईल ना ताईच्या सिलिंडरसारखा?

मी खोटं बोलू शकले असते. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, तो सडक्या कांद्यासारखा वास मर्कॅप्टन नावाचं रसायन घालून मुद्दाम देतात, आणि तो साधारण शहराच्या तोंडाशी, जिथे मोठी लाईन संपते आणि घरगुती सुरू होते तिथे मिसळतात. शेताखालच्या मोठ्या लाईनला तो नसतो. २०१४ च्या २७ जूनला आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात पहाटे गेलची १८ इंची लाईन फुटली, पाइप आतून गंजला होता, वीसहून जास्त माणसं गेली. नारळाची झाडं उभी जळाली होती. फोटो बघवत नाहीत. त्या लाईनच्या आजूबाजूला घरं होती, माणसं रोजच्यासारखी उठत होती.

मी मामांना नगरम सांगितलं. सांगितलं की मिथेन हवेपेक्षा हलका, तो सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीवर साचत नाही, वर जातो, पण दाब इतका की तेवढ्याने भागत नाही. आणि वास नसला तरी खुणा असतात, साप फुत्कारल्यासारखा आवाज, पाणी साचलेल्या जागी बुडबुडे, आणि पट्ट्यावरचं गवत उगाचच एका जागी पिवळं पडणं. खांबावर नंबर आहे तो फोनमध्ये सेव्ह करायचा, आणि काही दिसलं तर मोटार चालू न करता, बिडी न पेटवता लांब जाऊन फोन करायचा. त्यांच्याकडे एक लाईनवॉकर येतो, रोज चालत जातो पट्ट्यावरून, विहिरीवर पाणी पितो, मामा इतकी वर्षं समजत होते की तो खांब मोजायला येतो.

परवा मामींचा फोन आला होता. म्हणाल्या, अगं तू ह्यांना काय सांगितलंस, सकाळी चहा घेतला की बॅटरी घेऊन पट्ट्यावर जातात, खाली वाकून गवत बघतात, आणि तो पोरगा आला की त्याच्यासोबत ओढ्यापर्यंत चालत जातात. नंबर माझ्या फोनमध्ये पण घातलाय.